आप्पांनी पाहिलेलं स्थळ

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाल्यावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. माझा नवरा तेव्हा समोरच बसून चहात खारी बुडवत होता. आप्पांनी त्याला नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "हे कोण?"

"तुमचे जावई," मी म्हटलं.

आप्पा कौतुकाने हसले. पोरगी चावट झाली, असं काहीसं त्यांना वाटलं असावं. मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या बघन्यात एखादं बरं घर असंल तर सांगा पाव्हनं. मुलगी जरा तिखट हाय, पन मनानं साफ."

"तिखट आहे ते माहीत आहे मला," नवरा म्हणाला, आणि दुसरी खारी घेतली. त्या दिवसापासून तो आमच्या घरातला मध्यस्थ झाला.

ही नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आप्पा मूळचे साताऱ्याकडचे. कांदा-बटाट्याच्या मार्केटात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर दिवाणजी होते. मार्केट मुंबईतून इकडे नव्या मुंबईत आलं तसे तेही मागोमाग आले आणि कोपरखैरण्याला दोन खोल्या घेतल्या. आई गेल्यावर आम्ही नवराबायको आमची भाड्याची जागा सोडून त्यांच्याकडे राहायला गेलो. मी महाप्याला एका कंपनीच्या ऑफिसात, नवरा रबाळ्याच्या कारखान्यात शिफ्टला. घरात आम्ही तिघंच. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

आप्पांच्या आजाराला डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. बिल्डिंगीतल्या लोकांनी त्याला 'म्हातारचळ' म्हणून मोकळं केलं. मला दोन्ही नावांचा राग यायचा. आमच्या सेक्टरातल्या बिल्डिंगा सगळ्या एकाच छापाच्या, त्यामुळे आप्पा दुपारचे भलत्याच बिल्डिंगीत, भलत्याच तळमजल्यावर जाऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे आणि त्या घरच्या बाईला चहा टाकायला सांगायचे. बहुतेक बायका टाकायच्यासुद्धा. पुढे मात्र ते पहाटे मार्केटला जायला निघू लागले. गाडीतून माल उतरायची वेळ झाली म्हणायचे आणि ठाणे-बेलापूर रोडच्या मधोमध चालायचे. एकदा एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि आप्पांना उचलून कडेला बसवलं. वर त्यालाच आप्पांनी उशीर झाला म्हणून झापलं. दिवसभरासाठी ठेवलेली बाई हे ऐकून म्हणाली, "ताई, माझ्याकडून नाय व्हनार. उद्या काय झालं तर लोक मलाच धरतील." तिचं खोटं नव्हतं. मला एक तर नोकरी सोडायला हवी होती, नाही तर आप्पांसाठी जागा शोधायला हवी होती. नोकरी सोडली असती तर घराचे हप्ते कुणी भरले असते, माझ्या मध्यस्थाने?

तर आम्ही जागा शोधायला लागलो. विसरणाऱ्या माणसांना ठेवून घेणारं ठिकाण तेव्हा कुणाच्या ऐकिवात नव्हतं. वृद्धाश्रम होते, पण त्यांना हवे होते चालतेफिरते, शहाणेसुरते म्हातारे. तसे असते तर मी कशाला पाठवलं असतं, असं एका ठिकाणी मी फोनवरच विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

पहिल्या ठिकाणी आम्ही आप्पांना घेऊन गेलो तेव्हा ते इस्त्रीचं धोतर, कोट आणि टोपी घालून निघाले. कुठे चाललोय, ते त्यांचं त्यांनी ठरवलेलंच होतं. बाप, मुलगी आणि मध्यस्थ एकत्र निघाले की आणखी कुठे जातात? तिथल्या व्यवस्थापकांना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि थेट मुद्द्यालाच हात घातला.

"घरात मानसं किती?"

"सध्या तीस-बत्तीस आहेत," व्यवस्थापक म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. एवढ्यांचा स्वयंपाक पोरीला झेपेल का, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"पान्याचं कसं?"

"चोवीस तास आहे. बोअर आहे."

"कुनाला व्यसन?"

"छे छे. तंबाखूसुद्धा चालत नाही इथे."

आप्पा खूश झाले. व्यवस्थापक त्याहून खूश झाले. इतका चौकस म्हातारा त्यांनी पाहिला नसावा. मला वाटलं, झालं, जमलं, आता सही करायची आणि सुटायचं. तेवढ्यात आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "घर पसंत हाय आमाला. आता मुलाला बोलवा, म्हंजे पोरगी त्याच्या नजरंखालनं जाऊ द्या."

व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थट्टेखोर आहेत हो." पण त्यांना कळलं. हळू आवाजात म्हणाले, "बाई, अशी केस आम्हाला नाही झेपत." 'केस' म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही तरी बोलणार तेवढ्यात आप्पा उठून उभे राहिले आणि टोपी सारखी करत म्हणाले, "चला पाव्हनं. आमच्याकडूनच नकार समजा."

दुसऱ्या ठिकाणी संडास अंगणापलीकडे होता म्हणून आप्पांनी नकार दिला. त्याआधीच तिथल्या लोकांनी आम्हाला दिला होता, ही गोष्ट वेगळी. तिसऱ्या ठिकाणच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांनी टोपलीतला कांदा हातात घेतला, दाबला, परत ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "ओला कांदा भरून ठिवलाय. ह्या घरात लक्ष द्यायला कुनी बाई नाय." परत येताना एस्टीत नवरा आणि मी खिदळत होतो. हसू आवरल्यावर माझ्या लक्षात आलं, की आता चौथं नाव आमच्याकडे नव्हतं. मे महिना संपत आला होता. ऑफिसातले साहेब रोज फोन करून विचारत होते की तुमची सुट्टी एकदाची संपणार कधी.

चौथं नाव शेवटी नवऱ्याच्या कारखान्यातल्या कुणीतरी दिलं. खांदेश्वरला एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्यांच्या सासूला हाच आजार झाला होता. सासू गेल्यावर त्यांनी आपल्या बैठ्या घरात अशाच चार-पाच म्हाताऱ्यांना ठेवून घेतलं होतं. ना पाटी, ना ट्रस्ट. फाटकाला बाहेरून कडी आणि अंगणात मोकळं फिरायला जागा. आप्पा नेहमीप्रमाणे बोलणी करायला बसले. बाईंनी त्यांची सगळी चौकशी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मुलगी आमाला पसंत आहे."

आप्पांनी दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला बाजूला घेऊन बाई म्हणाल्या, "आठवडाभर ठेवून बघते. राग, शिव्या, पळून जाणं, सगळं चालेल. पण जेवलं पाहिजे. उपाशी माणूस मी घरात ठेवत नाय, मला तेवढी भीती वाटते. नाय जेवले तर घेऊन जायचं." मी म्हटलं, आप्पा आणि जेवणार नाहीत? अहो, ते बटाट्याची भाजी बघितली की जग विसरतात.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला. "तुमचे वडील कालपासून पाणीसुद्धा घेईनात. मला विहीणबाई म्हणतात, हात जोडतात, पण ताटाला हात लावत नाहीत. बोलतात, रीत नाय. काय भानगड आहे?"

भानगड मला लगेच कळली होती.

आमच्याकडे जुन्या लोकांत रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न खात नाही. बाकीच्यांनी ती कधीच सोडून दिली. आप्पांनी सोडली नाही. माझ्या भाड्याच्या घरी ते दर रविवारी यायचे आणि येताना स्वतःची पाण्याची बाटली घेऊन यायचे. मी आधी हसायचे, मग भांडायचे, "आप्पा, आता कोण पाळतं हे?" म्हणायचे. ते म्हणायचे, "होईल गं. तवा पंगतीला बसतो की." अशी वर्षामागून वर्षं गेली. बाटली येत राहिली. पुढे मी भांडायचं बंद केलं, कारण भांडले की रडू यायला लागलं. आई गेल्यावर त्यांना आमच्याकडे आणायच्या ऐवजी आम्हीच त्यांच्या घरी गेलो, ते याचसाठी. स्वतःच्या घरात ते जेवायचे.

आता खांदेश्वरचं घर म्हणजे माझं सासर, आणि मी नवी नवरी. आप्पा कुठून जेवणार?

मी ऑफिसातून तशीच निघाले. नवरा शिफ्टला होता. पोहोचले तेव्हा आप्पा पडवीत खुर्चीवर ताठ बसले होते, टोपीसकट. ओठ सुकून पांढरे पडले होते. मला बघून हळूच म्हणाले, "पोरी, सासर लई चांगलं मिळालं बघ तुला. आग्रह करून करून दमली मानसं."

"मग जेवा ना!"

"येडी हायेस का?"

मी सगळं करून पाहिलं. हे हॉटेल आहे, म्हटलं. हॉटेलात विहीणबाई कशा, असं त्यांनी विचारलं. घरून डबा आणलाय म्हणून बाईंच्याच स्वयंपाकघरातून भरून आणला, तर त्यांनी वास घेऊन सांगितलं, "ही फोडनी आपल्या घरातली न्हाय." शेवटी माझा तोल गेला. "आप्पा, नाटकं बंद करा! तुम्हाला इथनं काढलं तर मी कुठे नेऊ तुम्हाला?" मी ओरडले. ते घाबरून दाराकडे बघत पुटपुटले, "हळू. सासरी आवाज चढवू नये."

मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. बाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत नाय जेवले तर डॉक्टरांकडे न्यावं लागेल, सलाईन लावायला. मग मी परत नाय घेणार. सॉरी." मग त्यांनी विचारलं, "पण ही रीत सुटते कधी? कायतरी असेलच ना."

"मूल झालं की."

"अगोबाई! मग झालं म्हणून सांगा की. किती आहेत तुमाला?"

"नाहीत," मी म्हटलं.

बाईंनी ताट वाढायला घेतलं. वरण, भात, बटाट्याची भाजी, लिंबाची फोड. मला त्यांचा राग आला, आप्पांचा आला, त्या भाजीचासुद्धा आला. ते वाक्य मला बारा वर्षं म्हणायचं होतं. सुरुवातीला तर मी ते मनात घोकून ठेवलं होतं, फोनवर सांगायचं की समोर जाऊन, आधी आईला की आप्पांना. आणि आता ते सांगायची वेळ आली ती अशी. मी तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर गेले.

"आप्पा, तुम्ही आजोबा झालात."

त्यांनी मान वर केली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय झालं? मुलगा का मुलगी?"

याचा मी विचारच केला नव्हता. "मुलगी," मी म्हटलं.

"कुनावर गेली?"

"तुमच्यावर. नाक अगदी तुमचं."

"आरारा," आप्पा म्हणाले, "ह्यो नाकाचा फना? बिचारी!" आणि ते इतके हसले, की मलाही हसू फुटलं. हसताहसता मी रडायला लागले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "लई वाट बघाय लावलीस," असं म्हणाले. मग आत बघून खणखणीत हाक दिली, "विहीनबाई! पान वाढा!"

आधी ते दोन तांबे पाणी प्याले. मग मांडी घालून, चवीने, भाताचा कण न सांडता जेवायला लागले. बाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी आप्पांच्या शेजारी जमिनीवर बसून होते. आता इथून उठायचं कसं, हाच विचार माझ्या डोक्यात चालू होता. आप्पांना एकटं टाकून फाटकाची कडी लावून निघायचं, हे मला काल जमलं होतं ते केवळ ते झोपले होते म्हणून.

भाजी दुसऱ्यांदा घेतल्यावर आप्पांचं लक्ष माझ्याकडे गेलं. घास हातातच राहिला.

"तू हितं काय करतीस?"

"बसलेय. तुमच्याजवळ."

"ओली बाळंतीन तू, अशी खाली फरशीवर बसतीस? आनि पोर कुनाजवळ ठिवलंस?" ते खरंच रागावले. "ऊठ. घरी जा आधी. भुकेली असंल ती. रडून रडून जीव जाईल तिचा."

"जाते हं, आप्पा."

"जाते नाय, जा! माझं काय, मी जेवतोय. आनि कान बांध. वारं लागंल."

बाईंनी मला डोळ्यांनीच जा म्हणून खुणावलं. मी ओढणी डोक्यावरून घेऊन कानाभोवती घट्ट बांधली, आप्पांना दाखवली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा जेवायला लागले. मी फाटकाबाहेर पडले, कडी लावली. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

बाहेर उन्हाचा नुसता रखरखाट होता. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं, एवढ्या उन्हात कान बांधलेली, डोळे सुजलेली बाई.

"ताई, तब्येत बरी नाय का?"

"घरी तान्हं बाळ आहे," मी म्हटलं. "जरा लवकर घ्या."