खाली उतरणारा धूर

पूजेचा दिवा तिसऱ्यांदा विझला तेव्हा मीच म्हणाले, "वारं येऊन राहिलं, बसू. खिडकी लाव."

बसू म्हणजे बसवराज, माझा धाकटा भाऊ. तो उठला. त्याने खिडकी लावली, दाराला कडी घातली आणि पुन्हा पाटावर बसला. आम्हा लिंगायतांत इष्टलिंग तळहातावर घेतलं की पूजा संपेपर्यंत उठायचं नाही, म्हणून दिवा आधी नीट लागायला हवा. त्याने काडी ओढली. हातात पेटायची, समईपाशी खाली नेली की विझायची. "काड्या सर्दल्या, अक्का," म्हणाला आणि आणखी खाली वाकला... तो वर आलाच नाही. मला वाटलं, नमस्कार करतोय. मी बसून राहिले. मग माझाच श्वास पुरेना, म्हणून उठून कडी काढली. त्याच्यासाठी नव्हे. मी दारात पडले ते हॉटेलच्या आचाऱ्याने पाहिलं आणि बसूला ओढून बाहेर काढलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. याला दीड महिना झाला.

आम्ही लातूरचे, घरचं किराणा दुकान. बसूने ते सोडून नांदेडला 'जरा गोड' नावाचं हॉटेल काढलं. बसायला एसटीच्या जुन्या सीटा, ऑर्डर आली की कंडक्टरची घंटा. जेवण साधंच, पण लोक यायचे ते शेवटच्या गोडासाठी. 'वरात' मागवली तर गुलाबजाम, खुबानी आणि आइस्क्रीमची तीन मजली परात दोघे जण उचलून आणत, पुढे एक पोरगी पिपाणी वाजवत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, "हे खायचं का ओवाळायचं?"

"आधी ओवाळ, मग खा. पैसे तेवढेच हायत."

सगळ्यात जास्त खपायचा 'सासूचा राग'. काचेच्या भांड्यात रबडी, तिच्यात मिरचीची जिलेबी, आणि भांड्याखाली सुका बर्फ. त्याचा पांढरा धूर भांड्यावरून टेबलावर उतरायचा, टेबलावरून लोकांच्या पायांवर. मी म्हणाले, "बाकीचा धूर वर जातो. तुझा खाली कसा काय?"

"सासूचा राग हाय, अक्का. खालच्यावरच उतरणार."

माणसं हसली, मीही हसले. पण या बर्फाच्या बाबतीत तो कडक होता. धूर संपल्याशिवाय कुणाला चमचा लावू देत नसे. एका फौजदाराच्या हातातून त्याने चमचा काढून घेतला होता.

त्या दिवशी बिलोलीच्या एका लग्नाची ऑर्डर होती. एरवी सुक्या बर्फाचं एक खोकं यायचं, त्या दिवशी सकाळीच नऊ आली. बाहेर ऊन लागेल म्हणून त्याने ती मागच्या कोठीत ठेवली. शटर उघडण्याआधी तो पूजा करायचा ती त्याच कोठीत.

डॉक्टर म्हणाले, बर्फाचा गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो, तिथे दिवा लागत नाही. ते समजावून सांगत होते आणि मला टेबलावरून उतरणारा धूर दिसत होता. एवढ्या वेळा पाहिला होता मी तो... दिवा तीनदा विझला आणि मला वाराच सुचला.

बसूची बायको सुनंदा हिला मी खिडकीचं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी सांगितलं नसतं तरी त्यांनी लावलीच असती." मला तसं वाटत नाही. माझं सांगणं तो कधी मोडत नसे.

आता लातूरच्या घरात मी एकही खिडकी लावू देत नाही. धूळ येते, मांजर येतं, सून कुरकुर करते. दिवा लावताना काडी आधी जमिनीपाशी नेते आणि जळतेय ना ते बघते. रोज. जळते. तरी दुसरी ओढते.

सुनंदाने कोठी धुऊन काढली. पाट आणि समई तिच्याकडे आहेत. त्या कोठीतलं प्लास्टिकचं स्टूल मी मागून आणलं. गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही, म्हणून त्या सकाळी बसूनेच ते ओढून दिलं होतं. तो पाटावर बसला. मी स्टुलावर बसले, आणि मी वाचले.