निसळ मास्तरांचा आवाज

"वास घ्यायला नाक बाटलीपाशी न्यायचं नाही. वासाला हाताने बोलवायचं. तो आपल्याकडे पाहुणा यायला हवा, आपण त्याच्या घरी जायचं नाही. काय समजलं? नाही समजलं. पुन्हा."

यातलं शेवटचं 'पुन्हा' जरा नाकातून काढा, की लोणावळ्याच्या आमच्या शाळेतले गंगाधर निसळ मास्तर समोर उभे राहिलेच म्हणून समजा. मान डावीकडे, धोतराचा सोगा हातात, कोटाच्या बाहीला ॲसिडने पडलेली भोकं. मला हेडमास्तर येत होते, स्टेशनातला तिकीट कलेक्टर येत होता, शेजारच्या आमच्या वलवण गावची धोंडाबाई म्हशीला शिव्या घालते ती म्हशीसकट येत होती. पण मधल्या सुट्टीत पोरं मागायची ती निसळ मास्तरच. एकदा ते स्वतःच मागे उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, आता कान उपटतात. तर म्हणाले, "नथू, 'अमोनिया'तला 'मो' मी इतका लांबवत नाही. पुन्हा."

मास्तरांना एकच ध्यास होता. आमच्या शाळेला मॅट्रिकच्या वर्गात रसायन शिकवायची परवानगी नव्हती. ज्याला शिकायचं त्याने पुण्याला जाऊन राहावं. म्हणजे वलवणच्या पोराने शिकूच नये. अर्जांवर अर्ज करून मास्तरांनी शेवटी इन्स्पेक्टरसाहेबांना यायला लावलं. दसऱ्याची सुट्टी संपली की साहेब येणार, प्रयोगशाळा बघणार, मास्तरांचा एक तास ऐकणार आणि मग ठरवणार. प्रयोगशाळा म्हणजे कुठल्याशा बंगल्याचा जुना तबेला चुना मारून केलेली खोली, फळ्यांचं टेबल आणि मुंबईहून आणलेल्या बाटल्या. प्रत्येक बाटलीवर मास्तरांनी आपल्या हाताने नाव लिहून खळीने चिकटवलेली चिठ्ठी.

खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, कोयता, पहार, जे हत्यार पोटाला घालतं ते धुऊन मांडतात. हळदकुंकू वाहतात, झेंडू ठेवतात. शाळेचे शिपाई रखमाजी आमच्या वलवणचेच. साहेब येणार, मास्तरांचं एवढं मोठं काम, म्हणून त्यांनी सुट्टीत खोली उघडून मास्तरांची हत्यारं धुतली. अगदी मनापासून धुतली.

दसरा झाल्यावर आम्ही मुलं मास्तरांबरोबर तयारीला गेलो. टेबलावर बाटल्या लखलखत होत्या. प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट, प्रत्येकीपुढे फूल. चिठ्ठी एकीवरही नव्हती.

"कागुद लय मळले व्हते, मास्तर," रखमाजी म्हणाले. "हितली ओल. म्या म्हनलं, साहेबाम्होरं आसं दिसाया नगं. भिजवून खरडून काढलं समदं."

मास्तर एकेक बाटली बघत टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"कुटं चुकलं का?"

"पूजा छान झाली, रखमाजी," मास्तर म्हणाले. "आता ह्यांचं बारसं करू."

आणि खरंच बारसं मांडलं. मोरचुदाने निळ्या रंगावरून आपलं नाव आपणच सांगितलं. गंधकाच्या ॲसिडने कागद काळा केला. एका बाटलीच्या गळ्याशी हळदीचं बोट ओघळ लागून लाल झालं होतं. ते बघून मास्तर लहान मुलासारखे हसले. "हा कॉस्टिक सोडा. हळदीला खार लागला की ती लाल होते. रखमाजी, तुमच्या हळदीने नाव सांगितलं बघा." रखमाजींनी बाटलीला हात जोडले.

शेवटी एक बाटली उरली. तिचं काचेचं बूच घट्ट बसलं होतं.

"अमोनियाच असणार, मास्तर," मी म्हणालो. "दुसरं उरलंच काय?"

"असणार म्हणून नाव लिहायचं नाही. तुम्ही दारात उभे राहा."

त्यांनी बाटलीच्या गळ्याला ऊन फडकं गुंडाळलं आणि बूच पिळलं. एक हात बाटलीला, एक बुचाला. वासाला बोलवायला हात उरलाच नव्हता. बूच एकदम सुटलं आणि आतला सगळा कोंडलेला वायू त्यांच्या तोंडावर आला. बाटली टाकली असती तर ते बाहेर पळू शकले असते. पण दारात आम्ही होतो. त्यांनी श्वास कोंडून बूच परत बसवलं, बाटली टेबलावर ठेवली आणि मग खाली बसले.

रखमाजींनी घागरभर पाणी तोंडावर ओतलं म्हणून डोळे वाचले. घसा आतून भाजला. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल असं धरून चालू नका.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी मला घरी बोलावून पाटीवर लिहिलं, 'तास मीच घेणार. तू बोल. माझ्यासारखा.'

तसा तास झाला. मास्तर नळी तापवत होते, हाताने वासाला बोलवत होते, आणि मी शेजारी उभा राहून "काय समजलं? नाही समजलं. पुन्हा" म्हणत होतो. एरवी ह्या वाक्याला वर्ग लोळायचा. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

साहेब माणूस वाईट नव्हता. सगळं निगुतीने पाहून म्हणाला, "वर्गाला परवानगी देतो. प्रयोगशाळा व्यवस्थित आहे. मात्र शिकवायला बोलता येणारा मास्तर नेमा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मुलगा छान बोलतो. पण त्याला कसं नेमणार?"

पुण्याहून नवे मास्तर आले. चांगले शिकवतात. त्यांची नक्कल मी अजून केलेली नाही. निसळ मास्तर आता हेडमास्तरांच्या खोलीत बसून पत्रांच्या नकला उतरवतात. रखमाजी त्या तबेल्याचं कुलूप दुसऱ्याकडून उघडवून घेतात. यंदा खंडेनवमीला त्यांनी घरचा कोयतासुद्धा पुजला नाही.

संध्याकाळी आम्ही मुलं मास्तरांच्या ओटीवर जातो. हात त्यांचे, जीभ माझी. परवा मी 'अमोनिया' म्हटलं तेव्हा मास्तरांनी दोन बोटं जवळ आणून खूण केली: 'मो' आखूड.

निघताना त्यांची पत्नी इंदिराबाई दारापर्यंत आल्या. तास चालला की त्या आत चुलीपाशी बसून ऐकत असतात, हे मला ठाऊक होतं.

"नथू, एक मागू?" त्या हळू म्हणाल्या. "ते शाळेतून आले की पायरीवरून हाक मारायचे. नुसतं 'अगं' म्हणायचे. तेवढं म्हणून दाखवतोस?"

मी पायरीवर जाऊन म्हटलं. ते वर्गातल्यासारखं निघालं. मान डावीकडे करून पुन्हा म्हटलं. मास्तरांची घरातली हाक मी कधी ऐकलीच नव्हती.

"असं नव्हे रे," इंदिराबाई म्हणाल्या, "पण राहू दे." आणि भाताखालचा जाळ मोठा झालाय म्हणत आत गेल्या. ओटीवर मास्तर खाली मान घालून आमच्या नळ्या धूत होते.