सरांचा कलप

माझ्या खांद्यावरचा गळलेला केस चिमटीत पकडायचा, उन्हात धरायचा आणि म्हणायचं, "मुळाशी पांढरा, वर कलप. अल्वा? खरं ना?"

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीत आमच्या शेजारी राहणारे, जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर मला असे रोज पकडायचे. सांगलीहून इथे आल्यापासून मी केस काळे करतो. अख्ख्या गल्लीला ठाऊक असलेलं हे गुपित मी जिवापाड जपत होतो.

"केस पांढरा होत नाही, रे." सरांचं घराणं जुन्या म्हैसूरच्या मराठी शिपायांचं, मराठीत कन्नड मुरलेलं. "मुळाशी रंग करणाऱ्या पेशी असतात. त्या संपल्या की केस बिनरंगाचा उगवतो. अष्टे." अष्टे, म्हणजे एवढंच, हा त्यांचा पूर्णविराम.

"आणि आवळ्याचं तेल?"

"बाहेर दिसतो तो केस मेलेला. मेलेल्याला तेल पाजून काय उपयोग?"

घरी बायको म्हणाली, "म्हणजे दर पंधरवड्याला तुम्ही डोक्यावर श्राद्धच घालता."

मग सरांच्या बायकोचं, काकूंचं, विसरणं वाढलं. आधी गॅस, मग लेकीचं नाव. यातून परत येणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. एकदा सर चहा घेऊन आले तर त्या किंचाळल्या. हा पांढऱ्या केसांचा म्हातारा कोण? त्यांच्या मनात नवरा काळ्या केसांचाच उरला होता.

दुसऱ्या दिवशी सर आमच्या दारात. "तुझी ती पुडी आहे काय रे? मुळाला काही होत नाही, ठाऊक आहे मला. पण तिला मूळ कुठे दिसतंय?"

मीच कलप लावला. कानांवर डाग पाडले. त्यात माझा हातखंडा. सर हसले नाहीत. भांग मात्र दोनदा पाडला.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. काकूंनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं. घाबरल्या नाहीत. मग आदराने विचारलं, "यारु नीवु?" आपण कोण?

तुम्ही म्हैसुरात राहिला असाल तर कळेल. शब्द कितीही मिसळोत, अख्खं कन्नड वाक्य काकू ठेवायच्या ते परक्यांसाठी. लग्नापासून त्या सरांशी असं बोलल्या नव्हत्या.

सरांनी कन्नडातच उत्तर दिलं, "पक्कद मनेयवनु." शेजारच्या घरचा.

"कूतुकोळ्ळि," काकू म्हणाल्या. बसा. "नम्म यजमानरु ईग बर्तारे." आमचे हे येतीलच आता.

सर आपल्याच खुर्चीच्या कडेला पाहुण्यासारखे टेकले. दोघंही दाराकडे बघत बसली.