मागं मी हाय

"पुढं व्हा, मागं मी हाय." मामा हे कुठंही म्हणत. पंगतीत म्हणत, एस.टी.त चढताना म्हणत. एकदा गल्लीत पिसाळलेलं कुत्रं आलं तेव्हाही म्हणाले, आणि आम्ही पुढं झाल्यावर त्यांनी आतून कडी लावून घेतली.

तिसगावात त्यांची पिठाची गिरणी होती. भुवया कायम पांढऱ्या, त्यामुळे वयाचा पत्ता लागायचा नाही. पण गिरणी पोटापुरती. मामा खरे झीलकरी. शाहीर पोवाड्याची ओळ म्हणतो आणि मागं उभा राहून, कानावर हात ठेवून जो "जी जी रं जी" ओढतो, तो झीलकरी. त्यांचे शाहीर वारले आणि मामांनी गाणंच सोडलं. एकट्यानं गा म्हटलं की चिडायचे. "एकट्यानं गायला मी काय शाहीर हाय?"

आमचा रॉक बँड होता. दोन गिटारी, एक ड्रम आणि गायला मी. माझी पंचाईत एकच, घाबरले की शब्द विसरायची. पुण्यातल्या एका कार्यक्रमासाठी डेमो पाठवायचा होता. निवड झाली नाही तर बँडचा गाशा गुंडाळायचा, कारण ड्रमवाल्याला त्याचे वडील कांद्याच्या आडतीवर बसवणार होते. गाण्यात मागून साथ द्यायला आवाज हवा होता, आणि आमची पोरं गायला लागली की शेजारची म्हैस पान्हा चोरायची.

दळण आणायला गेले तेव्हा मी मामांना विचारलं.

"म्होरं गानार कोन?"

"मी."

मामांनी गिरणी बंद केली. "मग येतो. तू पुढं हो, मागं मी हाय."

गिटारवाल्याच्या घरी भिंतींना गोधड्या ठोकून आम्ही स्टुडिओ केला होता. माझं गाणं आधीच रेकॉर्ड झालं होतं. मामांनी हेडफोन लावून त्यावर नुसती झील द्यायची होती. गाणं सुरू झालं आणि मामा खोलीभर शोधायला लागले.

"शाहीर कुठंय?"

"मामा, तुमच्या कानात."

"कानातल्याच्या मागं कसं हुबं ऱ्हायचं?"

शेवटी मला त्यांच्यापुढं उभं केलं. मी नुसते ओठ हलवायचे, मामांनी मागून झील द्यायची. काय आवाज होता! जन्मभर गिरणीच्या घरघरीवर चढून बोललेला. दोन कडवी झाली आणि माझ्या अंगावर काटा आला.

मग गिटारचा सोलो आला. मी गप्प उभी. शाहीर गप्प झाला म्हणजे शब्द विसरला, आणि त्याला आठवेपर्यंत झील लावून धरायची, चारचौघांत त्याची अब्रू जाऊ द्यायची नाही, ही मामांची रीत. त्यांनी लावून धरली. गिटार चढली, मामा तिच्याहून चढले. हसू दाबताना माझे खांदे हलायला लागले. मामांना वाटलं पोरगी रडतेय. त्यांनी माझ्या पाठीत बोट खुपसलं आणि माईकसमोर स्वच्छ विचारलं, "आठवलं का?"

"माझा सोलो!" गिटारवाला रडकुंडीला आला. पुन्हा घेऊ म्हटलं तर वीज गेली.

"पुन्ना कशाला?" मामा म्हणाले. "सावरलं की मी."

वीज आली तेव्हा मामा गिरणीत गुंतले होते आणि पाठवायची मुदत संपत आली होती. तसंच पाठवून दिलं.

निवड झाली. पुण्याहून फोनवर पहिला प्रश्न, "ते 'आठवलं का' वाले काका येणार ना?" मामांनी त्याच दिवशी नवा फेटा आणला. पण कार्यक्रम आठवड्यावर आला आणि मामा गिरणीत बसल्या बसल्या गेले. मी खूप रडले.

पुण्यात दुसऱ्या कडव्यानंतर समोरची गर्दी दिसली आणि शब्द गेले. गिटारवाला तेच तेच वाजवत माझ्याकडं बघत राहिला. मी पाठीत बोट लागायची वाट पाहत होते. मग माईकपासून एक पाऊल मागं सरले, कानावर हात ठेवला आणि स्वतःच झील धरली. जी जी रं जी. पोरांनी उचलली, हसत हसत गर्दीनंही उचलली.

शब्द केव्हाच आठवले होते. पण कुणी विचारल्याशिवाय पुढं व्हावंसं वाटेना.