केतकीला सापडलेलं पाकीट

गेल्या रविवारी मँचेस्टरच्या स्टॅम्प फेअरला गेले आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय... डॉक्टरकडे जाण्यासारखं नाही. दुसऱ्याला काही चांगलं मिळालं की दुखतं ना, तसं.

सोबत केतकी होती, माझी मैत्रीण. मीच तिला या स्टॅम्प जमवायच्या नादाला लावलं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही. मी चहाच्या क्यूमध्ये उभी असताना बाईसाहेबांनी एका टेबलाखालचा जुन्या पाकिटांचा बॉक्स सहज चाळला आणि एक उचललं... का, तर म्हणे, "स्टॅम्पचा हिरवा रंग किती गोड आहे ना!"

मी ते पाहिलं आणि हातातला चहा तसाच बाजूला ठेवला. लिव्हरपूलहून बोटीने बॉस्टनला गेलेलं, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचं पाकीट. वर एक शिलिंगचा स्टॅम्प आणि शेजारी लाल शाईत '२१ सेंट्स'चा शिक्का.

तेव्हा पत्राचा एक शिलिंग म्हणजे चोवीस सेंट्स. पत्र अमेरिकन बोटीने गेलं की इंग्लंड आपले तीन ठेवायचं आणि एकवीस अमेरिकेला द्यायचं, आणि तो हिशोब असा पाकिटावरच मारलेला असायचा. हा लाल शिक्का मी किती वर्षं शोधतेय... आणि तो हिला रंग बघून मिळाला!

परतताना ट्रॅममध्ये मी तिला एका शब्दाने सांगितलं नाही, ती काय घेऊन चालली आहे ते. "छान आहे," एवढंच म्हणाले. नुसती जळत होते.

संध्याकाळी तिचा फोन. "अगं, बाऊलमध्ये कोमट पाणी घेतलंय. पाकीट अख्खं बुडवू, की स्टॅम्पपुरतं कापून?"

लहानपणी आपण सगळ्यांनी हेच केलंय... पाकीट पाण्यात, स्टॅम्प सुटला की वर्तमानपत्रावर वाळत. पण या पाकिटाचं सगळं मोल त्या शिक्क्यात. पाण्यात गेलं की लाल शाई पसरणार आणि उरणार एक साधा हिरवा स्टॅम्प. तसे माझ्याकडे आहेत की.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. माझ्याकडे नाही, तर तिच्याकडेही नाही!

"ऐकतेयस ना? बुडवू?"

"हात लावू नकोस त्याला!" मी इतक्या जोरात ओरडले की नवरा वरच्या खोलीतून धावत खाली आला.

मग तिला सगळं सांगितलं... शिलिंग, बोट, ते एकवीस सेंट्स. मला वाटलं, आता म्हणेल, मग तूच ठेव ते. खरंच वाटलं हो.

"अय्या, भारीच आहे हे!" केतकी म्हणाली. "मी आता सुटे स्टॅम्प बंद करून हीच पाकिटं जमवणार. पुढच्या फेअरला मला नीट शिकव हं."

तर पाकीट सुखरूप आहे... अख्खा अटलांटिक पार केलेलं, आणि केतकीच्या बाऊलमधून मी वाचवलेलं. ती लाल शाई जागच्या जागी आहे, त्याबद्दल देवाचे मनापासून आभार.

फक्त पुढच्या वेळी चहा आणायला तिला पाठवणार आहे.