रंगवलेले डाग

"मुहूर्ताच्या शॉटला हे हात नकोत. रंगवलेले चालतील."

निर्माता हे माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाला. हातांकडे बघून म्हणाला. माझ्या हातात काडेपेटी होती. समोर देवळाचा सेट, समई, कॅमेरा. नारळ फोडायचा बाकी होता. चाळीस माणसं ऐकत होती.

मला कोड आहे. नवव्या वर्षी कोपरावर पहिला डाग आला, मग बोटांवर, मग मनगटांवर. डॉक्टर म्हणाले, कुणाला लागत नाही, काही बिघडत नाही. पण आमच्या लालबागच्या चाळीत डॉक्टरांपेक्षा शहाणी माणसं जास्त. कुणी म्हणालं, माशांवर दूध प्यायली. कुणी म्हणालं, हिच्या आजोबांनी गावाला नाग मारला होता. आई मला टीव्हीवर देवाधर्माचे सिनेमे बघायला बसवायची. त्यांत ठरलेलंच असायचं. पाप्याच्या अंगावर डाग उठायचे, देवी प्रसन्न झाली की घंटा वाजायच्या आणि कातडी लख्ख व्हायची. मी हात जोडून बसायचे. सिनेमा संपला की हात उलटेपालटे करून बघायचे. माझं अख्खं लहानपण त्या घंटांनी खाल्लं. अजून संताप येतो.

आता मी मसाल्याच्या दुकानात कामाला आहे. पोटमाळ्यावर बसून फोनवर ऑर्डरी घेते. शेठ मला खाली गल्ल्याशी बसवत नाहीत. गिऱ्हाइकांना माझा आवाज चालतो.

मसाला घ्यायला आलेल्या या सिनेमाच्या दिग्दर्शकाने मला जिना उतरताना पाहिलं. दादरचा, शिकलेला, गोड बोलणारा माणूस.

"ताई, अंधश्रद्धेवर सिनेमा करतोय. नायिकेला कोड आहे. गाव तिला देवळात येऊ देत नाही. लांबून आमची नटी दिसेल, पण हातांचे क्लोजअप मला खरे हवेत. तुमचे हात द्याल?"

मी एकच विचारलं. "शेवटी तिचे डाग जातात?"

"नाही. डागांसकट ती देवळात शिरते आणि समई लावते."

म्हणून मी हो म्हटलं. माझ्या मुलीच्या कोपरावर नुकताच डाग आला होता. अकरा वर्षांची पोर. सासूबाईंनी तिच्यासाठी सोमवार धरले होते. मला वाटलं, एवढ्या मोठ्या पडद्यावर आईचे हात दिवा लावताना दिसले, तर पोरीला स्वतःच्या हातांची लाज वाटणार नाही. तेवढ्यासाठी मी हात दिले.

शूटिंग नायगावला होतं, पाडायला काढलेल्या एका रिकाम्या चाळीत. मुलीला मी बरोबर नेलं. सकाळी मेकअपवाल्याने माझे हात शेजारी ठेवून नटीच्या हातांवर हुबेहूब डाग रंगवले. मुहूर्त शुभ व्हावा म्हणून शेवटचा प्रसंग आधी घ्यायचा होता. समई लावणारे हात. माझे. आणि तेवढ्यात निर्माता देवदर्शन करून, कपाळाला गंध लावून आला.

दिग्दर्शकाने मला बाजूला घेतलं. "ताई, समजून घ्या ना. पैसा त्यांचा आहे. शकुन-अपशकुन ते मानतात, मी नाही मानत. दुपारचा सीन तुमचाच आहे."

"दुपारचा कुठला?"

"लोक दगड मारतात तो. हातांवर रक्त येतं."

नटी पुढे आली. "सॉरी हां ताई. ती काडेपेटी जरा खाली ठेवता? मी घेते."

मी मुलीकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती. घरी सासूबाई सांगून थकल्या होत्या, तरी पोरीने कधी कोपर झाकलं नव्हतं. आता कुणी न सांगता तिने बाही खाली ओढली.

माझं डोकं फिरलं.

"मार खायला माझे हात, आणि दिवा लावायला हिचे?" मी म्हटलं. "मग दगडही हिलाच मारा."

"बाई, सकाळी सकाळी तमाशा नको," निर्माता म्हणाला.

"तमाशा तुम्ही मांडलाय. तिकीट लावून."

मी काडी ओढली आणि समई लावली. पाचही वाती. कॅमेरा बंद होता. मला त्याचं काही नव्हतं, पोर बघत होती. मग तिचा हात धरून मी निघाले. दारातून वळून पाहिलं, तर निर्माता स्वतः वाकून एकेक वात फुंकत होता. आमच्याकडे देवापुढचा दिवा कुणी फुंकून विझवत नाही. त्याहून मोठा अपशकुन नाही म्हणतात. अपशकुनाला भिणाऱ्या माणसाने पाचही वाती फुंकल्या. मग आमच्या डोळ्यांदेखत वाती बदलल्या, तेल बदललं, आणि नारळ फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रस्त्यावर आल्यावर मुलीने विचारलं, "आई, आपल्या हातांनी खरंच वाईट होतं?"

"त्यांना तसं वाटतं. आणि ते खोटं आहे," मी म्हटलं. मी तिथंच फुटपाथवर रडले.

सिनेमा आता लागलाय. चाळीतल्या बायका डोळे पुसत येतात आणि मला सांगतात, बघच गं, तुझ्यावरच आहे. काल दिग्दर्शकाचा फोन आला. "ताई, झालं ते कुठे बोलू नका. सिनेमा चांगल्या कामासाठी आहे."

मी रविवारची दोन तिकिटं काढली आहेत. मी आणि मुलगी. शेवटी पडद्यावर समई लागेल, लोक टाळ्या वाजवतील. टाळ्या थांबल्या की मी उभी राहणार आहे. हात वर करणार आहे. या समईपासून मला कुणी आणि का हाकललं, ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगणार आहे. ज्यांना ऐकवणार नाही, त्यांनी उठून जावं. या वेळी आम्ही बाहेर जाणार नाही.