कुरतडलेली पाकळी

बी.एड.च्या वर्षी पाठ घ्यायला निघताना प्रत्येकीच्या काखेत तक्त्याची गुंडाळी असायची. बहुतेकींचे तक्ते आदल्या वर्षीच्या मुलींकडून आलेले. कोपऱ्यातल्या जुन्या नावावर रंगीत कागद चिकटवला की झालं. मला कोणाकडे मागायला जायचीच लाज वाटे, म्हणून माझे तक्ते मी स्वतः काढायचे. मी इंग्लिश मीडियमची. मराठीतून पाठ घ्यायचा म्हटलं की शब्द सापडत नसत. चित्र असलं की त्याच्या आडोशाला उभं राहता यायचं.

जास्वंदीचा उभा छेद मी पंचवटीतल्या आमच्या दारच्या झाडावरून काढला. त्या फुलाची एक पाकळी अळीने कुरतडली होती. दिसली तशीच काढली.

आमचे विज्ञानाचे सर म्हणाले, "अगं, फूल आदर्श काढायचं. हे किडकं कशाला? नीट कर ते."

मी मान हलवली आणि नीट केलं नाही.

वर्गात पेठकडच्या आश्रमशाळेत शिकवून आलेली एक ताई होती. तिने विचारलं, "हे उतरून घेऊ का गं? आमच्या शाळेची भिंत रिकामीच हाय." मी म्हटलं, "घ्या ना, त्यात विचारायचं काय?" तिने ट्रेसिंग पेपर लावून भोकासकट सगळं स्वतःच्या तक्त्यावर उतरवलं. वर्ष संपताना मूळ तक्ता सरांनी ठेवून घेतला, कॉलेजच्या संग्रहासाठी.

पुढे मी मुलींच्या एका शाळेत लागले. तिथे नेमलेली विज्ञानाची कार्यपुस्तिका उघडली, तर माझी जास्वंद. तीच पाकळी, तेच भोक. मुखपृष्ठावर लेखक म्हणून सरांचं नाव, मागे किंमत, आत ठळक अक्षरांत 'सर्व हक्क राखीव'.

कोणाचे?

दोन रविवार धीर गोळा करून मी सरांच्या घरी गेले. सर हसले. "अगं, मुलांच्या शिक्षणासाठीच वापरलंय ना? विद्या काय कोणाच्या मालकीची असते?"

"मग किंमत का छापलीत, सर?"

त्यांचं हसू कमी झालं. "तुम्हा इंग्लिश मीडियमवाल्यांना कॉपीराइट फार लवकर सुचतो. बरं, पुढच्या आवृत्तीत आभार मानू."

"आभार नकोत. चित्राखाली नाव द्या, नाहीतर चित्र काढून टाका."

पुढची आवृत्ती आली. नाव नव्हतं, चित्र होतं. पाकळी मात्र धडधाकट झाली होती. कोणीतरी भोक बुजवलं होतं. मला वाटत होतं मी रडेन. उलट मान ताठ झाली. चित्र त्यांचंच असतं, तर भोक बुजवायची घाई कशाला झाली असती?

त्या वर्षी आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला सर प्रमुख पाहुणे होते. पेठच्या ताईला मी तिचा तक्ता मागितला. तिने तो एसटीने पाठवून दिला. चुरगळलेला, कडेला मुलांच्या बोटांचे डाग. आणि खालच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात, मी न सांगता लिहिलेलं: 'चित्र', आणि पुढे माझं नाव.

आमच्या टेबलामागे मी तिन्ही जास्वंदी ओळीने लावल्या: ताईचा तक्ता, पहिल्या आवृत्तीतलं पान, दुसऱ्या आवृत्तीतलं पान. वर फक्त एक ओळ लिहिली, 'फरक ओळखा'. मुलींची ही झुंबड उडाली.

"मॅडम, हिला भोक आहे, हिला नाही!"

"मॅडम, हिच्याखाली तुमचं नाव आहे!"

सर मुख्याध्यापिकाबाईंबरोबर फिरत फिरत आमच्या टेबलापाशी आले. तिन्ही चित्रांवरून त्यांची नजर फिरली. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "मॅडम, हे काढून घ्या."

बाई माझ्याकडे बघत होत्या, मुलीही. या वेळी आडोशाला मी गेले नाही, चित्राच्या बाजूला उभी राहिले.

"नाही सर," मी म्हटलं. "प्रदर्शन पाच वाजेपर्यंत आहे."